टाचणी पडली का?

बारापैकी अकरा. पंधरा दिवस झाले, हा आकडा अजून घशाखाली उतरलेला नाही.

आमच्या वाचनगटात दर वर्षी एक आव्हान असतं. एका वर्षी निळ्या मुखपृष्ठाची पुस्तकं होती, एका वर्षी नावात आकडा असलेली. यंदा संयोजकताईंना सुचलं, पुस्तकातले आवाज. बारा चौकोनांचा तक्ता, प्रत्येक चौकोनात एक आवाज: पाऊस, मेघगर्जना, दार, पावलं, घंटा, घड्याळ, प्राणी, हृदयाचे ठोके, कुजबुज, हसणं, ओळखू न येणारा आवाज आणि बारावा चौकोन शांततेचा. प्रत्येक आवाजासाठी पुस्तक वाचायचं, वर्णन सापडलं की पान क्रमांक टाकायचा, तीन महिन्यांनी तक्ता तपासून घ्यायचा. बाराच्या बारा भरले की फळ्यावर नाव आणि एक पुस्तक बक्षीस. बक्षिसाचं पुस्तक माझ्याकडे आधीपासून आहे. दोन प्रती आहेत. तरीसुद्धा.

तपासणीला माणूस एकच, निरीक्षककाका. काकांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. आपल्याजवळचं प्रमाण वजन एका पारड्यात, समोरच्याचं दुसऱ्या पारड्यात, काटा हलला की जप्ती. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आजही त्यांच्या हातात पुस्तक दिलं की ते आधी तळहातावर तोलून बघतात, मग उघडतात. गटात सगळे त्यांना टरकून असतात आणि तरी दर वर्षी तपासनीस म्हणून त्यांचंच नाव सुचवतात. गेल्या वर्षी आपल्याला झालेला जाच यंदा दुसऱ्या कुणालातरी व्हावा, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू.

त्या दिवशी काका टेबल मांडून बसले होते. पुढ्यात नोंदवही, भिंग आणि दोन पेनं. निळं ग्राह्यसाठी, लाल अग्राह्यसाठी. लाल पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलेलं. रांगेत पहिली मी, माझ्या मागे एक आजोबा, बगलेत कापडी पिशवी. मी पुस्तकांचा ढीग टेबलावर ठेवला. काकांनी ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सगळं आपणच वाचलंत?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. संशयिताने स्वतःचं नाव सांगितल्यावर हवालदार म्हणतो तसं.

सुरुवात पावलांपासून झाली.

"मॅडम, इथे 'तो धावत आला' असं आहे. आवाज कुठाय?"

"धावत आला म्हणजे पावलं वाजलीच असणार ना काका."

"'असणार' असा शेरा मला मारता येत नाही. 'तो धावत आला' ही बातमी झाली. अनवाणी होता का?"

मला काय माहीत? चारशे पानांच्या त्या कादंबरीत त्या माणसाचं बालपण होतं, दोन फसलेली प्रेमं होती, बापाशी जन्माचं वैर होतं. पायात काय होतं ते तेवढं नव्हतं.

"बूट असतील तर खाडखाड, चपला असतील तर फटक फटक, अनवाणी असेल तर थपथप. लेखकाने यातलं काहीच दिलेलं नाही. तुम्ही ते माझ्याकडून वदवून घेताय."

नशीब की त्याच कादंबरीत पुढे एक म्हातारी काठी टेकत, एक पाय ओढत जिना उतरते. ठक्, सर्र, ठक्, सर्र. काकांनी ते टेबलावर बोटांनी वाजवून पाहिलं. एकदा सावकाश, एकदा भरभर. मग निळं पेन उचललं. "पाय अधू आहे. डावा असावा."

इतक्यात कुठूनतरी 'म्याव' ऐकू आलं. मी वळून पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते.

मला तो भास वाटला, आणि तसं वाटायला कारण होतं. तीन महिने मी दुसरं काही केलंच नव्हतं. वाचताना सापडलेला प्रत्येक आवाज मी तोंडाने करून बघायचे. पहिल्या आठवड्यात नवरा काळजीने विचारायचा, दुसऱ्या आठवड्यापासून मधलं दार लावून घ्यायला लागला. एकदा तो दहा मिनिटं बाहेर उभा राहून बेल वाजवत होता आणि मी आत एका कादंबरीतल्या देवळाच्या घंटा मोजत होते. "हिला पुस्तकातली घंटा ऐकू येते, दारावरची नाही," हे वाक्य त्याने पुढे तीन वेगवेगळ्या नातेवाइकांना ऐकवलं, तिन्ही वेळा आत्ताच सुचल्यासारखं. मीही सोडलं नाही. म्हटलं, माणसं मुळात बहुतेक करून मोठ्यानेच वाचायची. 'वाचन' हा शब्दच 'वच्' म्हणजे बोलणे या धातूतून आलेला. इसवी सन ४०० च्या सुमाराला संत ऑगस्टीनने लिहून ठेवलंय की मिलानचे बिशप अँब्रोज वाचायचे तेव्हा त्यांचे डोळे पानावरून फिरत, जीभ मात्र गप्प असे. भेटायला आलेले लोक ते बघत नुसते बसून राहायचे आणि थोड्या वेळाने उठून जायचे. माणूस मनातल्या मनात वाचतो, हे तेव्हा आवर्जून लिहून ठेवण्याजोगं होतं.

"म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी घरच्या लोकांना जरा सुख लागलं होतं," नवरा म्हणाला, "आणि ते तू परत काढून घेतेयस."

असो. प्राण्यांच्या चौकोनात मी हौसेने बेडूक घेतला होता. खबरदारी म्हणून तीन बेडूक नेले होते.

पहिला बेडूक जपानी कवी बाशोचा, १६८६ सालचा. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. संपली कविता.

"जगातला सगळ्यात नावाजलेला बेडूक आहे काका," मी म्हटलं.

"असेल. पण 'पाण्याचा आवाज' म्हणजे कोणता? डुबुक, छपाक की चुळुक?"

"ते कवीने वाचकावर सोडलंय."

"दुकानदार हेच सांगायचे. गिऱ्हाइकाच्या विश्वासावर सोडलंय म्हणायचे." लाल.

दुसरा बेडूक ऋग्वेदातला. सातव्या मंडलातलं १०३ वं सूक्त अख्खं बेडकांवर आहे, आणि त्यात एक बेडूक गायीसारखा ओरडतो, एक बोकडासारखा. वेद म्हटल्यावर काका सरसावून बसले, भिंग पुसलं, दोनदा वाचलं.

"यात गाय आहे, बोकड आहे. बेडकाचा स्वतःचा आवाज कुठाय? शिवाय चौकोन एका प्राण्याचा. तुम्ही तीन आणलेत." लाल.

तिसरा बेडूक ॲरिस्टोफेनीस या ग्रीक नाटककाराच्या नाटकातला, ख्रिस्तपूर्व ४०५ चा. तिथे बेडकांचा चक्क कोरस आहे आणि तो 'ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स' असं गातो. काकांनी ते आधी मनात वाचलं. मग पुटपुटले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले, गळा फुगवला आणि खच्चून म्हणाले, "ब्रेकेकेकेक्स! कोआक्स! कोआक्स!"

कोपऱ्यात कुणाच्या तरी हातून पुस्तक पडलं. संयोजकताई दारातून डोकावल्या आणि काकांचे मिटलेले डोळे बघून पाय न वाजवता मागे फिरल्या. काकांनी आणखी एकदा केलं, या खेपेला खालच्या पट्टीत, शेवटचा 'कोआक्स' लांबवून. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं उचलली, स्वतःचं काही पहिल्यांदाच पारड्यात टाकलं, असं काहीतरी.

"हं," त्यांनी डोळे उघडले. "हा बेडूक आहे."

निळं. मागून पुन्हा बारीक 'म्याव' ऐकू आलं, पण एव्हाना त्या खोलीत ते काही वावगं वाटत नव्हतं.

मेघगर्जनेसाठी मी आयरिश लेखक जेम्स जॉइस नेला होता. १९३९ सालच्या त्याच्या शेवटच्या कादंबरीत गर्जनेचे दहा शब्द आहेत. त्यातला पहिला पहिल्याच पानावर, शंभर अक्षरांचा, निरनिराळ्या भाषांतले गडगडाट एकात एक कोंबून केलेला. (पहिल्याच पानावर आहे म्हणूनच निवडला. पुढची पानं वाचलीत का, असं काकांनी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नये.) काका पेनाच्या टोकाने एकेक अक्षर मोजत निघाले. सत्तरच्या आसपास चुकले, पुन्हा पहिल्यापासून. रांगेतले लोक भिंतीला टेकले.

"शंभर," ते म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं. "बरोबर शंभर. याला म्हणतात माप."

अर्थ विचारला नाही. दहावा शब्द एकशे एक अक्षरांचा आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेखकाची जप्ती झाली असती, म्हणून गप्प बसले.

दारापाशी मात्र आमचं वाजलं. मी नॉर्वेच्या नाटककार इब्सेनचं दार नेलं होतं. १८७९ चं नाटक, शेवटी नोरा घर सोडून जाते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. एवढ्या एका दारावरून तेव्हा युरोपभर भांडणं झाली.

"हे कंसात आहे," काका म्हणाले.

"नाटकात रंगसूचना कंसातच असते."

"पात्र बोलतं ते पक्कं. कंसातलं दिग्दर्शकाच्या मर्जीवर. उद्या कुणी दार न आपटताच पडदा पाडला, तर मी काय करू?"

"अहो, अख्ख्या युरोपने ऐकलंय ते दार!"

"युरोपची सही आहे का कुठे?"

मग मी राखीव दार काढलं. कुठल्याशा रहस्यकथेतलं, रात्री बाराला करकरणारं. ते विनातक्रार निळं. मला विचाराल तर सगळ्या आव्हानात मनाला लागलेली गोष्ट ही. माझा चौकोन भरला, पण नोरा कंसात राहिली.

ओळखू न येणाऱ्या आवाजासाठी रशियन नाटककार चेखॉव्ह होता. १९०४ च्या त्याच्या शेवटच्या नाटकात मंडळी मोकळ्यावर बसलेली असताना अचानक आभाळातून आल्यासारखा आवाज येतो, तार तुटावी तसा. हाही कंसातच, म्हणून मी धास्तावले होते. पण काका पुढे वाचत गेले. एक पात्र म्हणतं, लांब कुठेतरी खाणीत बादली तुटून पडली असेल. दुसरं म्हणतं, बगळ्यासारखा कुठला पक्षी असेल. तिसरं म्हणतं, घुबड असेल.

"साक्षीदारांत एकमत नाही," काका खुशीत आले. "म्हणजे आवाज झाला हे सिद्ध, आणि ओळखू आला नाही हेही सिद्ध. उत्तम केस आहे." निळं.

आणि हृदयाचे ठोके. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो ची १८४३ ची कथा. म्हाताऱ्याचा खून करून त्याला जमिनीच्या फळ्यांखाली लपवणाऱ्याला त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येत राहतात, घड्याळ कापसात गुंडाळल्यावर येईल तशा आवाजात.

"मयत इसमाचं हृदय?"

"हो."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"पोलीस. पण ते गप्पा मारत बसलेले असतात."

"म्हणजे फक्त आरोपीला ऐकू येतंय. याची साक्ष कशी धरायची?"

इथे मी हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, काका, मरे शेफर नावाचे कॅनडाचे संगीतकार होऊन गेले, त्यांनी १९७७ च्या पुस्तकात लेखकांना चक्क कर्णसाक्षी मानलंय. ध्वनिमुद्रणाचं यंत्र नव्हतं तेव्हा जग कसं वाजत होतं, ते ज्याने कानाने ऐकून लिहिलं त्याच्याकडूनच कळणार ना? काका 'कर्णसाक्षी' शब्दावर बराच वेळ थांबले. तो त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. मग 'कापसाचं प्रमाण नमूद नाही, तरी ग्राह्य' असा शेरा मारला.

मधल्या चौकोनांचं सांगत बसत नाही. कुजबुजीवरून थोडी बाचाबाची झाली ("कुजबुज तुम्हाला ऐकू आली म्हणजे ती कुजबुज राहिली का?"), हसण्यावरून झाली नाही, कारण काकांना त्या विषयात गती नाही.

पण एक सांगायलाच हवं. काकांवर मी कितीही चिडले तरी तीन महिने त्यांच्याआधी लाल पेन घेऊन मीच बसले होते. आपल्याला वाटतं, मराठीला आवाजांची काय कमी. पाणी खळखळतं, पान सळसळतं, पोट गुरगुरतं, भाषा नुसती वाजत असते. प्रत्यक्षात शोधायला बसा. निम्म्या कादंबऱ्यांत माणसं मुकाट्याने येतात, बसतात, विचार करतात आणि जातात. पाऊस 'पडत होता', एवढंच. अनुवाद उघडावा तर 'एक मंद धप्प आवाज झाला'. मंद धप्प! धप्प कधी मंद असतं का? मंद असेल तर थप्प म्हणा, थबकन् म्हणा, नाहीतर सरळ 'काहीतरी पडलं' म्हणा. आणि दारं 'क्लिक' करून बंद होतात. कडी नाही, खिटी नाही, क्लिक.

तर मी पानं चाळायला लागले. आवाज आला की थांबायचं, टिपायचं, पुढचं पुस्तक. एका कादंबरीत ती बाई गेली. दोनशे सत्तर पानं मी जिच्याबरोबर होते ती. पहाटे, कुणाला न उठवता, कुशीवर वळून. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बाई, एक हुंदका दिला असतास, नुसती कण्हली असतीस, तर माझं काम झालं असतं. पान उलटल्यावर मलाच कसंतरी झालं. दशरथालाही असंच बुडबुड ऐकू आलं होतं. त्याला वाटलं हत्ती पाणी पितोय, आणि बाण सुटल्यावर कळलं की तो पाण्यात बुडणारा घडा होता आणि तो धरणारा एक पोरगा होता. त्याने निदान जाऊन बघितलं तरी. मी पान क्रमांक शोधत पुढे निघून गेले.

ते पुस्तक मी परत वाचायला घेतलेलं नाही. आव्हान संपल्यावर घेणार होते. आता ढिगात सगळ्यात खाली आहे आणि वरची अकरा उचलायची इच्छा होत नाही.

तर बारावा चौकोन. शांतता. इथे मला स्वतःचं फार कौतुक होतं. मी शेरलॉक होम्सची १८९२ सालची ती कथा नेली होती ज्यात रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो आणि कुत्रा काहीच करत नाही. सगळी कथा त्या न झालेल्या आवाजावर उभी आहे. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे घोडा नेणारा ओळखीचा. शांततेला याहून मोठा मान कुठल्या पुस्तकाने दिलाय?

काकांनी कथा पूर्ण वाचली. मान डोलावली. मी टोपण लावलेलं निळं पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"कुत्रा भुंकला नाही," ते म्हणाले.

"तेच तर!"

"पण घोडा होता ना?"

"होता."

"तो काय हवेतून चालत गेला? टापा वाजल्या असतील. दार उघडलं असेल, कडी निघाली असेल, कडबा सळसळला असेल. तबेल्यात शांतता नव्हती मॅडम. कुत्र्याकडून आवाज नव्हता. ही कुत्र्याची गैरहजेरी झाली."

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. यात चूक कुठे आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही, हेच तर दुःख आहे.

मी दुसरी नोंद पुढे केली. एका कादंबरीतला कोर्टाचा प्रसंग. निकालाआधी सभागृहात 'टाचणी पडली तरी ऐकू येईल' अशी शांतता.

"पडली का?"

"काय?"

"टाचणी."

"नाही हो काका, तो वाक्प्रचार आहे."

"पडली तरी ऐकू येईल, असं लेखक म्हणतो. म्हणजे दावा करतो. दावा पडताळायला टाचणी पडायला हवी. पडली का?"

"नाही पडली."

"कुणाकडे होती का तरी?"

"काका, कोर्टात कोण टाचणी..."

"कोर्टात कागद टाचायला असणारच टाचण्या. पण लेखकाने एक खर्च केली नाही."

माझ्याकडे शेवटचं शस्त्र होतं. एका ग्रामीण कथेतला शुकशुकाट. 'गल्लीत शुकशुकाट होता.' यात तरी काय काढणार?

काका शब्दाकडे बघत राहिले. मग ओठांचा चंबू करून माझ्याकडे बघत म्हणाले, "शुक शुक."

मी दचकून मागे पाहिलं.

"बघा, तुम्ही वळलात. म्हणजे शुकशुक हा आवाज झाला. त्याला 'आट' लावला की वाढतो. गडगड, गडगडाट. खणखण, खणखणाट. कडकड, कडकडाट. या हिशेबाने शुकशुकाट म्हणजे गल्लीभर लोक एकमेकांना शुकशुक करतायत. ही शांतता कशी?"

"पण त्याचा अर्थ सामसूम असा आहे! सगळ्या महाराष्ट्राला माहितेय!"

"अर्थाचं मला सांगू नका. मी पारड्यात पडेल ते तोलतो."

लाल. तिन्ही लाल. खाली एकूण: बारापैकी अकरा. त्यावर गोल. गोलाबाहेर सही. मी पुस्तकं गोळा करायला लागले, आणि काका म्हणाले, "पुढचे."

आजोबांनी पिशवीतून पुस्तक काढलं. पुस्तक म्हणजे आठ पुठ्ठ्यांची पानं, गोल कोपरे, एक कोपरा कुणाच्या तरी बारीक दातांनी कुरतडलेला, आणि उजव्या कडेला उभी बटणांची रांग. नातीचं होतं. बारा चित्रं, बारा बटणं. आजोबांनी पहिलं दाबलं. म्याव. माझ्या डोक्यात तीन महिन्यांचा उलगडा झाला.

काका पुढे झुकले. स्वतः दाबलं. म्याव. परत दाबलं. म्याव.

"दर वेळी सारखा येतो," ते पुटपुटले. त्यांचा आवाज कातर झाला होता. "तंतोतंत सारखा."

दार, धाड. घंटा, टण. पाऊस, ढग, घड्याळ, पावलं, डॉक्टरच्या चित्राला धकधक, बाळाच्या चित्राला खिदळणं, आईच्या चित्राला "शू, बाळ झोपलंय", म्हणजे कुजबुज. निळं, निळं, निळं. अकरावं बटण आगगाडीचं होतं, पण सेल उतरले असावेत. दाबल्यावर नुसतं घर्रर्र काहीतरी आलं.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"काय की," आजोबा म्हणाले. "मला तर कळत नाही बुवा."

"ओळखू न येणारा आवाज." निळं.

बारावं बटण कोंबड्याचं. काकांनी दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. पुस्तक कानाशी नेलं, भिंगाने बटण बघितलं, अंगठ्याने पुन्हा दाबून धरलं आणि पाच सेकंद थांबले. सगळी रांग थांबली. त्या पाच सेकंदांत त्या खोलीत जी शांतता झाली तशी मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

"दाबून पाहिलं. आवाज आला नाही," काका म्हणाले. "प्रत्यक्ष पडताळणी. ग्राह्य."

मी भांडले. नाही असं नाही. म्हटलं, एकाच पुस्तकात बारा आवाज कसे चालतील? काकांनी नियमांचा कागद काढला. 'प्रत्येक आवाजासाठी पुस्तक', एवढंच लिहिलं होतं. 'वेगळं' हा शब्द नव्हता. म्हटलं, हे बिघडलंय, ही शांतता नाही, हा बिघाड आहे! काका म्हणाले, "कारण कुठलंही असो, काट्यावर शून्य आहे." म्हटलं, यात वर्णन कुठाय, हा तर नुसता आवाज आहे! यावर आजोबा माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाले, "तुम्हाला हवं तर आठवडाभर नेऊन वाचा. नात काही म्हणायची नाही."

फळ्यावर आजोबांचं नाव आहे. बक्षिसाचं पुस्तक त्यांनी उघडून पाहिलं, कडेने बोट फिरवलं, बटणं नाहीत बघून पिशवीत टाकलं.

मी रीतसर लेखी अर्ज दिला. मुद्देसूद, दोन पानी. कुत्रा, टाचणी आणि शुकशुकाट यांवर स्वतंत्र परिच्छेद. शेवटी लिहिलं, 'सबब, सदर निर्णयाविरुद्ध मी तीव्र आवाज उठवत आहे.'

काल अर्ज परत आला. शेवटच्या ओळीखाली लाल रेघ आणि समासात काकांचं अक्षर: 'आवाजाचा प्रकार नमूद नाही. वर्णन व पान क्रमांक जोडून अर्ज पुन्हा सादर करावा.'

सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन एकेक आवाज काढून बघतेय. अजून तरी 'ब्रेकेकेकेक्स'च्या पुढे गेलेले नाही. नवऱ्याने मधलं दार लावून घेतलंय. क्लिक.